चार बोटं देठ

लग्न होऊन श्रीवर्धनला आले, त्या पहिल्याच पावसाळ्यात सासूबाईंनी मला वाडीत पाठवलं. चटणीला मूठभर कारिवणा आण म्हणाल्या. मी पुण्यात वाढलेले, पालेभाजी म्हणजे मंडईतली जुडी एवढंच ठाऊक. पाटाच्या कडेला गोल गोल पानांचा हिरवा थर दिसला. मुठीत धरला आणि ओढला, तर हातभर लांब दोरीच उठून आली. दोरीला ठरावीक अंतरावर पानांचे झुबके, प्रत्येक झुबक्याखाली पांढऱ्या मुळ्यांची मिशी आणि मिशीला चिकटलेली ओली वाळू. ती तशीच घेऊन मी मागीलदारी आले.

"अगो, माळच उपटलीस की! पान खुडायचं, माळ नाही."

आई (सासूबाईंना मी आईच म्हणते) रागावल्या नाहीत. माळ हातात घेऊन स्वतः वाडीत गेल्या, पाटाच्या ओल्या कडेवर ती पुन्हा आडवी अंथरली, एकेका गाठीवर अंगठ्याने माती दाबली आणि वरून ओंजळभर पाणी घातलं. आठवड्याने मला मुद्दाम नेऊन दाखवलं. प्रत्येक गाठीतून बोटाच्या नखाएवढं नवं पान वर आलं होतं, पंख्यासारखी घडी अजून नीट न उलगडलेलं. त्या दिवसापासून, म्हणजे सत्तावीस वर्षं, कारिवणा माझ्याकडे आहे.

श्रीवर्धनची वाडी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमची जमीन पुळणवट, समुद्राच्या वाळूचीच. पाणी ओतलं की क्षणात गडप होतं. अशा जमिनीत इथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या शेणखत आणि पालापाचोळा घालून, विहिरीचं पाणी पाटापाटाने फिरवून पोफळी वाढवल्या. श्रीवर्धनचा रोठा सुपारीच्या बाजारात नावाजलेला आहे, तो या शिंपणाच्या जिवावर. वाडीत सगळ्यांत उंच माड. माडाने सोडलेलं ऊन पोफळ घेते. पोफळीच्या अंगावर मिरवेल चढते, मधल्या जागेत जायफळ आणि केळ. या सगळ्यांच्या हातून निसटलेलं जे काही ऊन जमिनीपर्यंत पोचतं, त्याच्यावर कारिवणा जगतो. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राने लाखीबाग म्हणून जी पद्धत शेतकऱ्यांपुढे ठेवली, माडांच्या मधल्या जागेत जायफळ, मिरी, दालचिनी घेण्याची, तिचा पाया हाच आहे, उंचीप्रमाणे ऊन वाटून घेणं. त्या हिशेबात कारिवणा येत नाही. तो कुणी मुद्दाम लावलेला नसतो, आणि तरी पाटाच्या कडेला आणि पोफळीच्या आळ्यात असतोच.

बारा महिने हिरवा असतो तो इथेच. मागे डोंगरावर, सड्यावर पावसाळ्यात उगवलेला कारिवणा दिवाळीनंतर दिसेनासा होतो. वाडीत चैत्र-वैशाखातही पाटाचं पाणी आणि वरची सावली असते, म्हणून त्याला वाळायचं कारण पडत नाही.

याची नावं हा माझा आवडता विषय. आमच्याकडे कारिवणा. मालवणाकडून गोव्यात उतरावं तर एकपानी. कारवारच्या पुढे कानडी मुलखात ओंदेलग, त्याचाही अर्थ एक पान. तुळू लोक तिमरे म्हणतात, मल्याळी कुडंगल, आणि समुद्र ओलांडून श्रीलंकेत गेलं की गोटुकोला. किनाऱ्याकिनाऱ्याने नाव बदलत जातं, पण खाणं तेच, खोबऱ्याबरोबर वाटून किंवा बारीक चिरून, कच्चंच. संस्कृतात मंडूकपर्णी. चरकांनी जी चार मेध्य रसायनं सांगितली, त्यांत मंडूकपर्णीचा स्वरस आहे. बाकीची तीन म्हणजे ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी. बेडकाशी या पानाचा काय संबंध, हे मला पुस्तकापेक्षा आषाढात कळलं. पाऊस जरा थांबला होता आणि मी पानं बाजूला करत होते. एका पानाखाली सुपारीच्या खांडाएवढी बेडकी बसलेली. डोक्यावरचं पान बरोबर तिच्या मापाचं. मी पान परत सोडून दिलं आणि दुसरीकडची पानं खुडली.

लोक याला सरसकट ब्राह्मी म्हणतात आणि तिथे घोटाळा होतो. नीरब्राह्मी निराळी. तिची पानं बारकी, मांसल, चमच्याच्या आकाराची, समोरासमोर जोडीने येणारी, आणि ती पाणथळीत उघड्या उन्हातही खुशाल वाढते. कारिवण्याचं पान गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराचं, कडेला बोथट दाते, आणि देठ त्या खोबणीत बसवलेला. रोपवाटिकेत 'ब्राह्मी' मागितलीत तर दोन्हींपैकी काहीही हातात पडू शकतं, म्हणून पान बघून घ्या. उन्हाच्या गच्चीवर कारिवणा आणि अंधाऱ्या बोळात नीरब्राह्मी लावून दोन्ही मेलेल्या मी पाहिल्या आहेत.

लिनियसने १७५३ साली याला नाव दिलं तेव्हा वेगळ्या गोत्रात घातलं होतं. आताचं सेंटेला एशियाटिका हे नाव १८७९ पासूनचं. यातलं मला सगळ्यांत भावलं ते त्याचं कूळ. कारिवणा कोथिंबिरीचा नातेवाईक. जिरं, ओवा, बडीशेप, गाजर सगळी एका घरची. विश्वास बसत नसेल तर पान चुरगळून वास घ्या, गाजराच्या पाल्याचा पुसट वास येतो. फूल बघायचं तर मात्र गुडघे टेकावे लागतात. ते पानाच्या वर कधी येत नाही. देठाच्या बुडाशी, जमिनीला जवळजवळ टेकून, आखूड दांडीवर तीन-चार फुलांचा एवढासा पुंजका असतो, जांभळट गुलाबी, मोहरीएवढा. भिंगातून पाहिलं तर पाकळ्या मोजता येतात. फळ धरलं की ते चपटं, शिरा असलेलं, आणि वाळल्यावर दोन अर्धुकांत फुटणारं. धण्याचंही तसंच असतं, दाताखाली दोन दळं होतात. एकदा हे पाहिल्यावर नातं सांगायला पुस्तक लागत नाही.

आता जोपासनेचं. लोक मला विचारतात, खत कोणतं, पाणी किती. आई यातलं काही विचारत नाहीत. त्या देठ मोजतात.

पान खुडून आणलं की त्या आपली चार बोटं जुळवून देठाशेजारी धरतात. देठ चार बोटं भरला तर सावली बरोबर. दोनच बोटं असला, पान लहान, जाड आणि कडेला तांबूस असलं, तर ऊन जास्त झालं. आणि देठ वीतभर लांब, पान मोठं पण पातळ, माना टाकलेलं, माळेवर झुबके लांब लांब अंतराने, तर सावली जास्त झाली, झाड उजेड शोधतंय. सत्तावीस वर्षांत मला या मापात चूक सापडलेली नाही. कारिवण्याला काळोख आवडत नाही, हे नव्या माणसाला आधी सांगावं लागतं. सावलीचं झाड म्हटलं की लोक ते जिन्याखाली ठेवतात. त्याला हवं असतं निम्मं ऊन, तेही पानापानांतून गाळून आलेलं, किंवा सकाळचं कोवळं.

मुंबई-पुण्याच्या बाल्कनीत लावायचा असेल तर पूर्वेची किंवा उत्तरेची बाजू बघा. खोल कुंडी लागत नाही, मुळ्या उथळ असतात. पसरट परळ उत्तम. मातीत शेणखत आणि थोडी वाळू. माती कायम ओलसर हवी, पण पाणी साचून कुजकट वास येता कामा नये. माळ कुंडीबाहेर लोंबायला लागली की आत वळवायची आणि गाठ मातीवर दाबून धरायची. आम्ही त्यासाठी झावळीचा ओला हीर मधे मोडून चिमट्यासारखा रोवतो. गाठीने मूळ धरेपर्यंत हीर वाळून जातो, काढायलाही लागत नाही. पानं खुडताना कात्री, आणि एका झुबक्यातली एक-दोनच. तिसरं कोवळं पान ठेवायचं.

आणि दोन गोष्टी सावधगिरीच्या, त्या मी कधीच वगळत नाही. हे झाड जमिनीला चिकटून वाढतं आणि आपण ते कच्चं खातो, तेव्हा सांडपाण्याच्या कडेचा कारिवणा कितीही टवटवीत असला तरी घ्यायचा नाही, आणि घरचाही तीन पाण्यांनी धुवायचा. दुसरी गोष्ट पोफळीच्या वाडीवाल्यांसाठी. कोळे रोग, म्हणजे सुपारी कुजून गळण्याचा रोग, येऊ नये म्हणून पावसाच्या तोंडावर आपण शिंपुटांवर, म्हणजे सुपारीच्या घोसांवर, बोर्डो मिश्रण मारतो, शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. पुढे पावसाने उघडीप दिली की आणखी एकदा. ते निळं पाणी खाली कुणाच्या पानावर ठिबकतं, याचा विचार कुणी करत नाही. आमच्याकडे फवारणी झाली की त्या पट्ट्यातला कारिवणा पावसाळाभर खायचा बंद. घरापुरता विहिरीजवळचा, जिथे पोफळी नाहीत तिथला.

हे सगळं इतकं वर्षानुवर्षं चालत आलं होतं की सावली ही गोष्ट आपण लावलेली आहे, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग वादळ आलं. टाळेबंदीचे दिवस, मुलगा मुंबईत अडकलेला. माजघरात आम्ही तिघं बसून होतो, आई, हे आणि मी. वाडीतून येणारा आवाज आधी वाऱ्याचा होता, मग मोडण्याचा झाला. पोफळ मोडताना कडाड असा आवाज होत नाही, ओला वेत पिळावा तसा होतो. एकामागून एक. आईंनी पहिल्या काही मोजल्या, मग मोजायच्या थांबल्या.

संध्याकाळी मागचं दार उघडलं. समोर आभाळ होतं. त्या दारातून आभाळ दिसतं, हे मला ठाऊकच नव्हतं. आमच्या वाडीत तीनशेच्या वर पोफळी होत्या, एक्कावन्न उभ्या राहिल्या. काही मुळासकट उलटलेल्या, बऱ्याच कमरेत मोडलेल्या. माड नऊ गेले. जायफळाची दोन्ही झाडं माडाखाली आली. झावळ्या आणि खोडांचा थर इतका की पाट कुठे होता ते कळेना. वीज कित्येक दिवस नव्हती. झाडं तोडून बाहेर काढण्यातच श्रावण उजाडला. त्या दिवसांबद्दल मला जास्त लिहिता येत नाही. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर, पलीकडे केळशी-आंजर्ल्यापर्यंत घरोघरी हेच होतं, आणि पोफळ गेलेल्या घरात काय गेलं ते बाहेरच्याला सांगून कळत नाही.

कारिवण्याचं मात्र वेगळंच झालं. झावळ्या उचलल्या, तर खालून तो वर आला, आणि त्या पावसाळ्यात असा माजला की तेवढा दाट मी कधी पाहिला नव्हता. पाट सोडून आळ्यांत, आळ्यांतून मोकळ्या जमिनीवर. सगळं गेलं, हा तरी राहिला, या भावनेने मला भरून आलं. मी ओंजळभर पानं आईंना नेऊन दाखवली. त्यांनी एक उचललं आणि बोटं लावली.

"दोन बोटं," त्या म्हणाल्या. "आता ढगांची सावली आहे म्हणून. आश्विनात बघ."

आश्विनात ऊन पडलं आणि पंधरा दिवसांत पानांच्या कडा तांबड्या झाल्या, मग कागदासारख्या झाल्या. मी पाणी वाढवलं. सकाळ-संध्याकाळ शिंपत होते. वाळू तापली की पाणी कोमट होऊनच मुळांशी पोचतं, हे मला तेव्हा कळलं. दिवाळीपर्यंत विहिरीपासून कुंपणापर्यंत माळांचे नुसते सुके दोरे उरले, आणि त्यांच्यावर गवत आणि रानमोडी.

तीन माळा मी आधीच उचलल्या होत्या. आईंनीच उचलायला लावल्या. गोठ्याचं छप्पर गेलं होतं, पण जांभ्याची भिंत उभी होती. तिच्या उत्तरेच्या बाजूला परळांत त्या लावल्या. हिवाळाभर सूर्य दक्षिणेकडून फिरतो, तेव्हा उत्तरेच्या भिंतीला पूर्ण सावली. पण मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात इथे सूर्य बरोबर माथ्यावर येतो आणि मग जुलैअखेरपर्यंत दुपारी भिंतीच्या उत्तर अंगाला असतो. त्या मधल्या तीन आठवड्यांत, ढग यायच्या आधी, आमच्या दोन माळा गेल्या. परळ हलवायला हवे होते. मी तेव्हा तौक्तेच्या धास्तीत होते. ते वादळ नेमकं त्याच मेमध्ये बाहेरून सरकलं आणि उभ्या राहिलेल्यांतल्या आणखी दोन पोफळी घेऊन गेलं. उरली एक माळ, सात गाठींची. मी रोज मोजत असे.

सावली परत लावायची तर सुरुवात केळीपासून करावी लागते. पोफळीचं लहान रोप स्वतःच सावलीचं असतं. उघड्यावर लावलं तर पहिल्या उन्हाळ्यातच करपतं, आणि पुढेही नैर्ऋत्येचं तिरकं ऊन खोडावर पडत राहिलं तर खोड तिथे भाजून चिरतं. म्हणून आधी केळी लावायच्या, दक्षिणेला आणि पश्चिमेला दाट. त्या वर्षाच्या आत माणसाच्या डोक्यावर जातात. वादळानंतरच्या दिवाळीत केळी लावल्या, पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या आडोशाला पोफळीची रोपं, एकमेकांपासून नऊ फुटांवर. वाडीचं सगळं बघणारे तात्या प्रत्येक रोपाला हात लावून बघत आणि म्हणत, "वहिनी, याला फळ धरायला पाच-सात वर्षं. तोवर सांभाळायचं ते नुसतं." मी म्हणत असे, फळाचं राहू द्या, सावली कधी पडेल ते सांगा.

२०२२ च्या आषाढात त्या एका माळेच्या झालेल्या अकरा माळा केळीखाली नेल्या. पाटाच्या कडेवर आडव्या अंथरल्या, गाठीगाठीवर अंगठ्याने माती दाबली. त्या वर्षी गवत कापायला आलेल्या माणसाने यंत्र फिरवून अर्ध्या साफ केल्या, गवतच समजून. वरची पानं गेली, गाठी जमिनीत होत्या. महिन्याने परत फुटल्या. तेव्हापासून मी कडेला नारळाच्या करवंट्या पालथ्या घालून खूण केली आहे.

यंदा पोफळी पागोळीच्या वर गेल्या. अजून फळ नाही. पण दुपारी दोन वाजता मागचं दार उघडलं तर समोर आभाळाचे तुकडे दिसतात, सलग आभाळ दिसत नाही.

आई आता चौऱ्याऐंशीच्या आहेत. वाडीत उतरत नाहीत, पडवीत बसतात. दर रविवारी मी त्यांना एक पान आणून देते, देठासकट, आणि त्या बोटं जुळवतात. २०२२ मध्ये अडीच बोटं होता. पुढच्या वर्षी तीन. दोन वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षात चार बोटं बरोबर भरला, तेव्हा त्यांनी ते पान जरा वेळ तसंच हातात धरलं आणि मग म्हणाल्या, "आज चटणी कर." ओलं खोबरं, दोन हिरव्या मिरच्या, जिरं, दोन आमसुलं, मीठ, आणि शेवटी कारिवणा घालून पाट्यावर दोनच हात फिरवायचे. जास्त वाटला तर कडवट होतो. पाच वर्षांनी ती चटणी आमच्या पानात आली. ह्यांनी काही न बोलता दुसऱ्यांदा भात घेतला.

गेल्या रविवारी पान आणलं तर देठ सहा बोटं. पातळ, एका बाजूला कललेला. आईंनी दोनदा मापला.

"सावली जास्त झाली गो. दक्षिणेच्या केळी काढा आता."

मला ते एकदम ऐकवेना. त्या केळींनी आम्हाला तारलं, इथपासून त्यांच्या आडोशाला काय काय जगलं इथपर्यंत मी बोलत राहिले. आईंनी सगळं ऐकून घेतलं.

"बाई गं, पोफळी उभ्या राहिल्या ना? मग केळीचं काम झालं. खाली उजेड पोचू दे."

तात्यांनी कोयत्याला धार लावून ठेवली आहे. पाटाजवळच्या केळीचा घड अजून पंधरा दिवस तरी भरायचा आहे. तो उतरला की पहिली तीच.